पाळणाघराला जागा कोण देणार?

कांजूरमार्ग पश्चिमेला, लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या मागच्या एका चाळीत सकाळी साडेसातला दहा बाय बाराच्या एका खोलीचे दार उघडते. खोली ज्यांची आहे त्यांना सगळी वस्ती मावशी म्हणते. पोटमाळ्याच्या लोखंडी दांड्याला दोन झोळ्या बांधलेल्या आहेत, एक जुन्या नऊवारीची आणि एक सुती साडीची. भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला एकेक पिशवी. पिशवीत डबा, दोन लंगोट, पाण्याची बाटली. आठ वाजेपर्यंत नऊ-दहा मुले जमतात. त्यांच्या आया स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा पकडून पवईच्या इमारतींत घरकामाला जातात, कुणी लोकलने घाटकोपर-दादर गाठतात, कुणी आयटी पार्कमध्ये हाउसकीपिंगला. एखादीचा पगार अडकला तर मावशी महिनाभर थांबतात. मोरी खोलीतच आहे. रांगणारे मूल तिकडे जाऊ नये म्हणून मावशींनी मोरीच्या तोंडाशी एक जेवायचा पाट आडवा लावला आहे आणि त्याला टेकून तांदळाचा डबा ठेवला आहे.

त्या पाटाच्या जागी गुडघ्याएवढी भिंत घालून फरशी बसवायची तर गवंड्याचे दोन दिवसांचे काम. पण तो पैसा मावशींकडे नाही, आयांकडे नाही, आणि अशा घरगुती पाळणाघराच्या बांधकामाला हातभार लावणारी सरकारी योजनाही नाही. सेविकेचे मानधन, खाऊ, औषधांची पेटी, जागेचे भाडे यासाठी सरकार थोडेफार देते. भिंत, संडास, खिडकीची जाळी, विजेची सुरक्षित जोडणी यासाठी देत नाही. हिशेबाच्या भाषेत पहिला खर्च आवर्ती, दुसरा भांडवली. पाळणाघरांबद्दलची आपली गेल्या पन्नास वर्षांची सगळी चर्चा पहिल्या खर्चाभोवती फिरली आणि दुसरा कुणीतरी करील असे धरून चालले. मुंबईत सगळ्यात महाग वस्तू जागा. तिथे या धरून चालण्यानेच योजना बुडाल्या, असे माझे मत आहे. ते कसे, हे जरा मागे जाऊन पाहावे लागेल.

जागा कोणी द्यायची या प्रश्नाला मुंबईचे पहिले उत्तर होते, मालकाने. शंभर वर्षांपूर्वी इथल्या कापडगिरण्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. तान्ही मुले खोलीवर कुणा म्हातारीच्या नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असत. मूल निपचित पडून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिचे नाव होते बाळगोळी. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी १९२२च्या सुमारास गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा जवळपास प्रत्येक बाळाला ही गोळी दिली जात असल्याचे त्यांना आढळले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि लोककल्याण हे मुख्यतः सरकारचे काम असल्यामुळे हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र मालकालाही जबाबदारीतून सोडता येणार नाही, असे बजावले. १९२९ साली तो कायदा झाला. देशातला तो पहिला.

त्यानंतरच्या कायद्यांनी मालकाची जबाबदारी पक्की केली आणि सरकारची विसरली. १९३४च्या कारखाने कायद्यात पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली सक्तीची करण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. १९४८च्या कायद्यात ४८वे कलम आले, १९७६ साली पन्नासचा आकडा तीसवर आणला गेला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली आणि शिकलेली बाई, हे सगळे कागदावर चोख होते. पण खोलीचा खर्च बायकांच्या संख्येला बांधला की मालक बायकांची संख्याच मोजून ठेवतो. गिरण्यांतले बायकांचे प्रमाण पुढे घसरत गेले. त्याला रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रे अशी इतरही कारणे होती. पण बाई कामावर ठेवणे महाग पडते ही समजूत त्यात होतीच. २०१७च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ही चूक सुधारली. आता पन्नास किंवा जास्त कर्मचारी असले, मग ते पुरुष असोत वा बायका, की पाळणाघराची सोय करावीच लागते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येते.

भांडुप-कांजूर-विक्रोळीचा पट्टा एके काळी कारखान्यांचा होता. शास्त्री मार्गाच्या दोन्ही बाजूंचे भोंगे ऐकून लोक घड्याळ लावत. कारखाने एकेक करून बंद झाले, त्या जागी मॉल, टॉवर आणि काचेची कार्यालये आली. कारखान्याची पाळणाघराची खोली कारखान्याबरोबर गेली. मालकाने दिलेली जागा मालकाचीच राहते. वस्तीत तिचे काही उरत नाही. शिवाय मावशींकडे मुले ठेवणाऱ्या बायकांना मालक तरी कोणता? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला चार मालकिणी असतात. त्यातली एकही पन्नास माणसे कामाला ठेवत नाही.

दुसरे उत्तर महाराष्ट्रातच, शिक्षणाच्या वाटेने आले. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले, नंतर बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडला अनुताई वाघांसह काम उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे त्यांचे म्हणणे. त्यातून अंगणवाडी हा शब्दच आपल्याला मिळाला. पण मला इथे त्यांची विकासवाडी जास्त महत्त्वाची वाटते. त्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. कारण उघड होते. तान्ह्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली मोठी मुलगी तेव्हाच शाळेत येईल, जेव्हा ते भावंडही तिच्याबरोबर येऊ शकेल. एका आवाराने दोन पिढ्यांच्या बायकांचा प्रश्न सुटतो, हे कोसबाडच्या टेकडीवर दिसले होते.

देशाने मात्र हे आवार दोन योजनांत वाटून टाकले. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. अंगणवाडीने लसीकरण, वजन, पोषण आहार यांत जे काम केले त्याला तोड नाही, पण ती सकाळचे काही तास भरते. कामावर गेलेल्या आईला तिचा उपयोग अर्धाच. पाळणाघरांसाठी त्याच वर्षी वेगळी योजना आली, स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची. १९९४ साली राष्ट्रीय पाळणाघर निधी झाला. १ जानेवारी २००६ला दोन्ही एकत्र करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. तिच्या भरभराटीच्या काळात देशभर वीस हजारांहून जास्त पाळणाघरे होती. २०१७ साली योजना राज्यांकडे आली आणि खर्चाची वाटणी ठरली: केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० टक्के. सेविकेला महिना ३,००० रुपये, मदतनिसाला १,५००. दारिद्र्यरेषेखालच्या घराने मुलामागे महिना २० रुपये द्यायचे. संस्थेने हे दहा टक्के आणायचे कुठून? अनुदान वेळेवर येईना, खोलीमालक भाड्याला थांबेना. २०२०च्या सुमारास पाळणाघरांची संख्या साडेसहा हजारांच्या आसपास आली. तीन वर्षांत झालेल्या या पडझडीवर विधिमंडळात किंवा वर्तमानपत्रांत मोठा आवाज झाल्याचे मला आठवत नाही. ही मुले कुठे गेली? मावशींकडे, आजीकडे, मोठ्या बहिणीकडे, नाहीतर आईची नोकरी गेली.

२०२२ साली केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे, असा तिचा गाभा आहे. देशभरात १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचे लक्ष्य ठेवले गेले. सहा महिने ते सहा वर्षे वयाची जास्तीत जास्त २५ मुले, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे साडेसात तास. महाराष्ट्राने २०२५ साली पहिल्या टप्प्यात ३४५ पाळणाघरांना मंजुरी दिली, पाळणा सेविकेला ५,५०० आणि मदतनिसाला ३,००० रुपये मानधन, केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. ताराबाईंचे एक आवार पुन्हा जुळते आहे याचा आनंदच आहे. पण साडेसात तासांत कांजूरहून दादरला जाऊन आठ तासांची नोकरी करून आई परत येत नाही. आणि ज्या अंगणवाडीला पाळणाघर जोडायचे, तिच्याकडे जोडायला जागा आहे का, हा प्रश्न तसाच राहतो.

आता खरी अडचण. अंगणवाडीची इमारत बांधायला सरकारकडे पैसे आहेतच. एका इमारतीचा खर्च आधी सात लाख धरला जाई, तो वाढवून बारा लाख केला गेला. त्यांतले आठ लाख ग्रामीण रोजगार हमीतून, दोन लाख वित्त आयोगाच्या निधीतून आणि दोन लाख महिला व बालविकास खात्यातून, अशी जुळणी ठरवण्यात आली. म्हणजे बारापैकी आठ लाख अशा योजनेतून यायचे, जी फक्त खेड्यांत चालते. मुंबईला ती लागूच नाही. गावात ग्रामपंचायतीची नाहीतर गायरानाची जागा असते, वर छप्पर घालायला रोजगार हमी. शहरात जागा नाही, आणि छपराचा पैसाही शहराकडे येणाऱ्या वाटेवर नाही. शहरासाठी मग उरते भाडे. महानगरात अंगणवाडीच्या खोलीला महिना आठ हजार रुपयांपर्यंत भाडे देण्याची मर्यादा आहे. कांजूर, भांडुपसारख्या ठिकाणी तळमजल्यावर, पंचवीस मुले झोपू शकतील, स्वयंपाकाला कोपरा आणि लहान मुलांचा संडास असेल, अशी जागा त्या पैशांत शोधून पाहा. मिळते ती चाळीतली एक खोली. तिथे सकाळी मुले, दुपारी खोलीमालकाचे सामान. घरमालक कधी उठवील सांगता येत नाही, म्हणून कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. आज आठ हजार, वर्षाला जवळपास लाखभर भाडे आपण भरतो. बारा-तेरा वर्षांत बारा लाख होतात आणि हातात एक वीटही उरत नाही.

बायकांच्या वसतिगृहांसाठी बांधकामाचा पैसा द्यायची रीत आपल्याकडे १९७२-७३पासून होती, आणि त्या योजनेच्या नावातच मुलांसाठी दिवसा सांभाळ केंद्र हे शब्द होते. २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतर राज्यांना भांडवली गुंतवणुकीसाठी मिळणाऱ्या पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जातून नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठी ५,००० कोटी रुपये बाजूला काढले गेले. म्हणजे मुलांच्या खोलीला भांडवली पैसा देता येत नाही, असा काही नियम नाही. वसतिगृहाच्या आत देता येतो. वस्तीत का नको?

मुंबईत सरकारकडे रोख रकमेहून मोठे भांडवल एकच आहे, बांधकामाची परवानगी. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत विकासकाने घरांबरोबर बालवाडी, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, वाचनालय अशा सोयी बांधून द्यायच्या असतात. विकास नियंत्रण नियमावली २०३४प्रमाणे दर २५० कुटुंबांमागे अशा सोयीसाठी २५ चौरस मीटरची जागा. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. ‘पाळणा’ योजनेतल्या पंचवीस मुलांना ती नेमकी पुरते. सरकारच्या तिजोरीतून एक पैसा न जाता भिंती उभ्या राहतात. शहरातले हे सगळ्यात मोठे भांडवली अनुदान आहे आणि आपण त्याला अनुदान म्हणून ओळखतही नाही.

या खोल्यांचे पुढे काय होते? कांजूर पूर्वेच्या एका पुनर्वसन इमारतीत मला ती खोली दाखवायला सोसायटीचे एक काका आले. मंजूर नकाशात तिच्यावर बालवाडी असे लिहिलेले होते. कुलूप उघडले तर आत गणपतीच्या मखराच्या फळ्या, दोन मोडकी कपाटे, पाण्याच्या मोटरचे सुटे भाग आणि खुर्च्यांची चळत. खिडकी चांगली होती, संडासही होता, पण नळाची जोडणी कधी झालीच नव्हती. “मुलांसाठी आहे हो ती, पण चालवणार कोण?” काका म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कळवळ्याचा होता. त्याच इमारतीच्या समोरच्या गल्लीत अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरत होती. एका खात्याने बांधलेली भिंत दुसऱ्या खात्याला दिसत नाही. बांधणारे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, ताबा सोसायटीकडे, अंगणवाडी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, पाणी-परवाने महापालिकेच्या एस विभागाकडे. या चौघांना एका टेबलाशी बसवणारा कुणी नाही.

हाताशी पैसा नाही असेही नाही. आमदार आणि खासदार निधीतून मुंबईत समाजमंदिरे, व्यायामशाळा, बालवाड्या बांधल्या जातात, झोपडपट्टी सुधार मंडळ त्यांचे काम पाहते. जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखायचा, असे राज्याने २०२१ साली ठरवले. मुंबई उपनगर जिल्ह्याची वार्षिक योजना अलीकडे हजार कोटींच्या घरात असते. त्याचे तीन टक्के म्हणजे तीस कोटी. त्यातले तीन कोटी जरी दर वर्षी पाळणाघरांच्या भिंतींसाठी काढले, आणि खेड्यातल्या अख्ख्या इमारतीचा बारा लाखांचा दर धरला, तरी वर्षाला पंचवीस खोल्या होतात. पुनर्वसन इमारतीतली बांधलेली खोली सजवायला तर बारा लाख लागायचेच नाहीत. महापालिकेच्या २०२५-२६च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पाशेजारी हे आकडे मांडायलाही संकोच वाटतो.

बांधकाम मजुरांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे निदान एक रस्ता दिसतो. १९९६च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री मजूर असलेल्या ठिकाणी मुलांसाठी खोली सक्तीची केली. कंत्राटदार उपकंत्राटदार नेमून हा आकडा सहज चुकवत. पण मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था १९७२पासून बांधकामांच्या आवारातच पाळणाघरे चालवते. जागा, पाणी, वीज विकासकाने द्यायची, मुले संस्थेने सांभाळायची, इमारत पूर्ण झाली की पाळणाघराने पुढच्या आवारात जायचे. बांधकामांवर एक टक्का उपकर लागतो, तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जमतो, आणि आजवर जमलेली रक्कम हजारो कोटींत आहे. शास्त्री मार्गावर मेट्रो ४ची आणि कांजूरमधून जाणाऱ्या मेट्रो ६ची कामे वर्षानुवर्षे चालू आहेत. त्या खांबांच्या बुडाशी पत्र्याच्या खोल्यांत मुले वाढतात. त्या मुलांच्या आईबापांच्या घामावरच हा उपकर गोळा होतो. हलवता येतील अशा पाळणाघरांसाठी तो वापरायला आणखी कशाची वाट पाहायची?

राहिला खासगी पाळणाघरांचा प्रश्न, आणि इथे माझे मत अनेकांना रुचणार नाही. मावशींच्या खोलीपासून पवईच्या वातानुकूलित डे-केअरपर्यंत सगळे खासगीच. यांना सरकारने भांडवल द्यावे का? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८पासून नव्या जागांसाठी बांधकामाचा निधी दिला जातो. पैसे घेतले की ठरलेली वर्षे ती वास्तू पाळणाघर म्हणूनच चालवावी लागते, आणि सार्वजनिक व ना-नफा संस्थांना झुकते माप मिळते. जपानने २०१६ साली कंपन्यांना पाळणाघरे बांधायला खर्चाचा मोठा वाटा देऊ केला. दोन-तीन वर्षांत रिकामी पाळणाघरे आणि अनुदानाच्या फसवणुकीची प्रकरणे बाहेर आली. ऑस्ट्रेलियात हजाराहून अधिक केंद्रे असलेली एबीसी लर्निंग ही कंपनी २००८ साली कोसळली, तेव्हा केंद्रे चालू ठेवायला सरकारला धावावे लागले आणि शेवटी बहुतेक केंद्रे ना-नफा संस्थांकडे गेली. आपल्याकडे खारघरच्या एका पाळणाघरातल्या मारहाणीची चित्रफीत २०१६ साली सगळ्यांनी पाहिली. नियमावलीच्या घोषणा झाल्या, पण गल्लीतली पाळणाघरे आजही कुठल्याच नोंदवहीत सापडत नाहीत.

यावरून माझा निष्कर्ष असा. ज्या पैशाने मालमत्ता तयार होते तो पैसा सार्वजनिक मालकीच्या भिंतीतच जावा. मोठ्या खासगी साखळ्यांना जागेसाठी एक रुपयाही देऊ नये. त्यांची गिऱ्हाइके तो भार सोसू शकतात. मावशींसारख्यांना मात्र द्यावा: मोरीची भिंत, जाळी, अग्निशामक, संडास, यांसाठी मर्यादित रक्कम, नोंदणी आणि तपासणीच्या अटीवर, पाच वर्षे पाळणाघर चालवण्याच्या लेखी हमीसह. नोंदणी म्हटली की मावशी घाबरतील, हे मला ठाऊक आहे. आजवर सरकारी माणूस त्यांच्या दारात आला तो काहीतरी बंद करायलाच. नोंदणीबरोबर भिंत मिळणार असेल तर त्या दार उघडतील. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मालकांना स्वतःचे वेगळे पाळणाघर न काढता महापालिकेच्या किंवा संस्थेच्या सामाईक पाळणाघराचा उपयोग करण्याची मुभा दिली आहे. कांजूरच्या काचेच्या कार्यालयांचा पैसा वस्तीतल्या सामाईक पाळणाघराच्या रोजच्या खर्चाला लावता येईल, पण ती खोली आधी उभी हवी.

एसटीच्या स्थानकांत आपण हिरकणी कक्ष केले, चांगले केले. बाळासाठी रायगडचा कडा उतरणाऱ्या आईचे नाव त्या कक्षांना दिले. पण कांजूरची आई रोज सकाळी बाळ मागे ठेवून निघते. तिला कडा उतरावा लागू नये यासाठी लागणाऱ्या बऱ्याचशा खोल्या बांधून तयार आहेत.

म्हणून एक विनंती. आपण पुनर्वसन इमारतीत राहत असाल, किंवा आपल्या शेजारी ती असेल, तर सोसायटीकडे मंजूर नकाशाची प्रत मागा. न दिल्यास माहितीच्या अधिकारात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडून घ्या, अर्जाला दहा रुपये लागतात. बालवाडीची खोली कुठे दाखवली आहे ते पाहा, खाली जाऊन तिचे कुलूप कुणाकडे आहे ते विचारा, आणि त्या नकाशाची एक प्रत आपल्या भागातल्या अंगणवाडीच्या मुख्यसेविकेच्या हातात द्या.